आधी कोरी मोजणी

[दृश्य: बीकर जवळून. आत फिरणारी ढवळकांडी.]

नमुना मोजण्याआधी त्याच्याविना जे मोजून ठेवायचं, ती कोरी मोजणी. ती दोन प्रयोगशाळांत पाहू: पहिलीत चुंबकासारखा वागणारा रेणू, दुसरीत संगीत ऐकत व्यायाम करणारा माणूस. सुरुवात रेणू बनवण्यापासून. बीकरमध्ये ४० मिलिलिटर ॲसेटिक आम्ल आहे, ६० टक्के तीव्रतेचं. त्यात ४ ग्रॅम मँगनीज ॲसेटेट विरघळलेलं आहे. द्रावण अजून जवळजवळ रंगहीन आहे. आता त्यात पडतंय पोटॅशियम परमँगनेट, १ ग्रॅम, खलात बारीक केलेलं. सगळं एकदम टाकायचं नसतं. चिमटी-चिमटीनं, सुमारे दोन मिनिटांत ते संपवायचं. पहिल्या चिमटीलाच रंग गडद तपकिरी होतो.

घाई केली, परमँगनेट एका जागी जास्त झालं, तर मँगनीज डायऑक्साइडचा गाळ पडतो. हवे असलेले स्फटिक त्या गाळात मिसळले की वेगळे करणं कठीण. म्हणून ढवळणं थांबवायचं नाही, शेवटच्या चिमटीनंतर आणखी दोन मिनिटं तरी. मग कांडी काढून घ्यायची, बीकर झाकायचं आणि तीन दिवस हात लावायचा नाही.

[दृश्य: तीन दिवस, जलद गतीनं. तळाशी काळे कण वाढताना.]

हे काळे, चकचकीत स्फटिक गाळून ॲसिटोननं धुतले की पदार्थ तयार. पोलंडच्या टी. लिस यांनी १९८० मध्ये ही कृती आणि या रेणूची रचना प्रसिद्ध केली. एका रेणूत मँगनीजचे १२ अणू. हा रेणू स्वतःच एक चुंबक आहे हे स्पष्ट व्हायला मात्र १९९० चं दशक उजाडलं. इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये दांते गात्तेस्की, रोबेर्ता सेसोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवून दिलं की थंड केल्यावर यातला एकेक रेणू आपली चुंबकी दिशा धरून ठेवतो.

[दृश्य: रेणूचं फिरतं चित्र. बाहेरचं वलय निळं, आतला गाभा लाल.]

हिशेब पडद्यावरच दिसतोय. बाहेरच्या वलयात मँगनीजचे आठ आयन, प्रत्येकाचा स्पिन, म्हणजे इलेक्ट्रॉनांमुळे आलेला चुंबकी गुण, २. एकूण १६, एका दिशेला. आतल्या गाभ्यात चार आयन, प्रत्येकाचा स्पिन दीड. एकूण ६, उलट दिशेला. वजाबाकी केली की उरतात १०. पूर्ण रेणू मिळून एकच मोठा स्पिन असल्यासारखा वागतो. तो 'वर' असतो किंवा 'खाली', आणि वरून खाली जायला ऊर्जेचा एक बांध ओलांडावा लागतो. तापमानाच्या भाषेत त्या बांधाची उंची ६० केल्विनच्या थोडी वर (शून्य केल्विन म्हणजे सुमारे उणे २७३ अंश सेल्सिअस).

पुढचा सगळा खेळ तापमानाचा. २ केल्विनला हा रेणू दिशा विसरायला सुमारे दोन महिने घेतो. ३ केल्विनला काही मिनिटं. ४ केल्विनला एक-दोन सेकंद.

[दृश्य: तराजू. जिलेटिनची कॅप्सूल. पारदर्शक प्लास्टिकची स्ट्रॉ.]

आता हे दृश्य नीट पाहा, कारण प्रयोगाचं खरं-खोटं इथे ठरतं. तराजूवर जी कॅप्सूल आहे, ती औषधाचीच साधी जिलेटिनची कॅप्सूल आहे. ती बसवायची आहे शीतपेयाबरोबर मिळते तशा स्ट्रॉमध्ये. चुंबकत्व मोजणाऱ्या महागड्या यंत्रात नमुना धरायला हेच वापरतात, आणि त्याला कारण आहे. स्ट्रॉ यंत्रातल्या, चुंबकी बदल टिपणाऱ्या तारेच्या कुंडलांच्या दोन्ही बाजूंना लांबवर सारखीच पसरलेली असते, त्यामुळे ती वर-खाली झाली तरी कुंडलांना काही बदल जाणवत नाही. कॅप्सूल मात्र एकाच जागी आहे. तिचा स्वतःचा क्षीण, उलटा चुंबकी संदेश येतोच. म्हणून आधी रिकामी कॅप्सूल त्याच तापमानांना, त्याच चुंबकी क्षेत्रांना मोजून ठेवायची. ही कोरी मोजणी. नमुन्याच्या आकड्यांतून ती वजा झाल्याशिवाय आलेख काढायचा नाही.

चिमटा प्लास्टिकचा आहे, तोही मुद्दाम. पोलादी चमच्याचा डोळ्यांना न दिसणारा कणसुद्धा लोहचुंबकी असतो, आणि मिलिग्रॅमभर नमुन्याच्या मोजणीवर तो सहज स्वार होतो. कॅप्सूलला सुईनं बारीक छिद्र पाडलंय, आतली हवा निघून जावी म्हणून. हवा राहिली तर तिच्यातला ऑक्सिजन थंड होऊन गोठतो आणि ५० केल्विनच्या आसपास आलेखात एक उंचवटा उमटतो. नवख्याला तो शोध वाटतो. तो फक्त ऑक्सिजन असतो.

वजनाचा प्रश्न त्याहून चिवट आहे. या स्फटिकांत रेणूंच्या मधल्या जागेत ॲसेटिक आम्लाचे दोन आणि पाण्याचे चार रेणू अडकलेले असतात. सूत्रानुसार एकूण वजनाच्या साधारण ९ टक्के. स्फटिक उघडे ठेवले, निर्वातात जास्त वाळवले, तर हे रेणू निघून जातात. वजन एका पदार्थाचं आणि सूत्र दुसऱ्याचंच, असं होतं, आणि पुढचा प्रत्येक आकडा त्याच प्रमाणात चुकतो. वजन करायचं ते ताज्या स्फटिकांचं, आणि लगेच बंद करायचं.

आणखी एक. चूर्णाचे कण सैल राहिले तर जोरदार क्षेत्रात ते गर्रकन फिरून क्षेत्राच्या दिशेला लागतात, आणि मग मोजणी चूर्णाची राहत नाही. त्यावर उपाय मेणासारख्या आयकोसेनचा. ते ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. नमुन्यावर ओतून थिजू दिलं की कण जागचे हलत नाहीत. अर्थात आयकोसेनचंही वजन लिहून ठेवायचं. तेही वजाबाकीत येतं.

[दृश्य: स्क्विड चुंबकमापक. वरून स्ट्रॉ आत जाताना.]

स्ट्रॉ आत गेली. स्क्विड म्हणजे अतिशय क्षीण चुंबकी बदलही टिपणारा संवेदक. आत द्रवरूप हेलियम, ४.२ केल्विन, आणि ७ टेस्लापर्यंत (टेस्ला हे चुंबकी क्षेत्राचं एकक) क्षेत्र देणारा अतिवाहक चुंबक. नमुना काही सेंटिमीटर वर-खाली सरकतो. कुंडलं अशी गुंडाळलेली असतात: वर एक वेढा, मध्ये उलट दिशेनं दोन, खाली पुन्हा एक. बाहेरून येणारं, सगळीकडे सारखं असलेलं क्षेत्र त्यामुळे आपोआप खोडलं जातं. म्हणजे यंत्राच्या तारांतसुद्धा वजाबाकीच गुंडाळलेली आहे.

पडद्यावरचा जो वक्र सावकाश उघडतोय, तो हिस्टेरेसिसचा. क्षेत्र वाढवत नेलं, मग उतरवलं, तरी चुंबकन आल्या वाटेनं परत येत नाही. मधल्या पायऱ्या पाहा. साधारण ०.४४ टेस्लाच्या अंतरानं एकेक पायरी. त्या ठिकाणी रेणू बांध ओलांडत नाही, बांधातून आरपार जातो. क्वांटम बोगदन. १९९६ मध्ये दोन गटांनी हे स्वतंत्रपणे प्रसिद्ध केलं.

नमुन्यात याच रेणूचा थोडा वेगळ्या घडणीचा भाऊबंदही असतो. त्याचा बांध ठेंगणा. बदलत्या क्षेत्रातल्या मोजणीत तो २ ते ३ केल्विनच्या आसपास स्वतःचं वेगळं शिखर दाखवतो. त्याला अशुद्धी म्हणून पुसून टाकणं योग्य नाही. त्याचं प्रमाण काढून आकड्यांसोबत लिहायला हवं.

[दृश्य: ग्लोव्हबॉक्स. काळ्या रबरी हातमोज्यांत काचेची सीलबंद नळी.]

आणखी उंच तापमानाला दिशा धरून ठेवणारे रेणूही आहेत. हातमोज्यांच्या आड आहे त्यांतलं एक, डिस्प्रोसियम या धातूचं संयुग. हवा लागली की ते बिघडतं, म्हणून सगळं काम निष्क्रिय वायूत आणि नळी आतच बंद. डिस्प्रोसियमच्या आयनाभोवतीचा इलेक्ट्रॉनमेघ चपटा असतो. वरून एक आणि खालून एक असे ऋणभारित कडे बसवले तर तो आपली दिशा सहज सोडत नाही. २०१७ मध्ये या जातीच्या एका रेणूनं ६० केल्विनला हिस्टेरेसिस दाखवलं. २०१८ मध्ये दुसऱ्यानं ८० केल्विन गाठलं, म्हणजे द्रवरूप नायट्रोजनच्या ७७ केल्विनच्या वर. २०२५ मध्ये १०० केल्विन. मात्र हे आकडे वाचताना क्षेत्र किती वेगानं बदललं होतं तेही विचारायचं. पहिल्या दोन्हींत तो वेग सेकंदाला २ मिलिटेस्लाच्या थोडा वर होता. वेग वाढवला की उंच तापमानालाही वक्र उघडा दिसतो. वेगाविना तापमान सांगणं अर्धवट आहे.

[दृश्य: दुसरी प्रयोगशाळा. स्थिर सायकल, तोंडाला मास्क, कानांवर हेडफोन.]

इथे रेणू नाही, माणूस आहे. विचारायचं आहे ते असं: व्यायाम करताना संगीत ऐकलं तर शरीरात आणि जाणिवेत नेमकं काय बदलतं? कोरी मोजणी इथेही लागते, आणि ती चुंबकांच्या प्रयोगशाळेपेक्षा कितीतरी अवघड आहे. रिकामी कॅप्सूल मिळते. 'संगीत नसलेला तोच माणूस, तोच दिवस' असं काही मिळत नाही.

१९११ मध्ये लेनर्ड एअर्स यांनी न्यूयॉर्कमधल्या सहा दिवसांच्या सायकल शर्यतीतले वेग प्रसिद्ध केले. बँड वाजत असताना सरासरी ताशी १९.६ मैल, बंद असताना १७.९. फरक डोळ्यांत भरतो. पण बँड वाजत होता तेव्हा प्रेक्षक किती होते, शर्यत कोणत्या टप्प्यात होती, याचा निवाडा त्या दोन सरासऱ्या करू शकत नाहीत.

[दृश्य: हेडफोन घातलेला स्वार. आवाजमापकाचा पडदा.]

आज काय करतात ते पाहा. या फेरीत संगीत नाही, तरी हेडफोन कानांवर आहेत. हेडफोन काढले तर स्वाराला स्वतःच्या धापा जास्त ऐकू येतील, आणि दमल्याची जाणीव त्या आवाजावरूनही बनते. दुसऱ्या फेरीत नुसता मेट्रोनोम, म्हणजे टिकटिक ठेका देणारं यंत्र, गाण्याच्याच गतीचं. तिसरीत गाणं. असे तीन प्रकार असले की त्यांचे सहा क्रम होतात. म्हणून सहभागी सहाच्या पटीत घ्यायचे आणि प्रत्येक क्रम सारख्या लोकांना द्यायचा. नाहीतर सरावाचा फायदा शेवटच्या प्रकाराच्या खात्यावर जमा होतो. त्याआधी एक सरावफेरी, जिचे आकडे मोजायचे नाहीत. प्रत्येक फेरी दिवसाच्या त्याच वेळी. घड्याळ स्वाराच्या नजरेआड. सूचना लिहिलेल्या, शब्दन् शब्द त्याच. प्रयोग घेणाऱ्याच्या आवाजातला उत्साहसुद्धा एक प्रकारचं संगीत आहे, आणि तो मोजणीत शिरतो.

[दृश्य: ३ लिटरची सिरिंज मास्कच्या नळीला जोडलेली.]

ही पिचकारी ३ लिटरची. श्वासाचा प्रवाह मोजणारं यंत्र आधी तिच्यावर तपासायचं. मग माहीत असलेला वायू सोडायचा: साधारण १६ टक्के ऑक्सिजन, ४ ते ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. यंत्रानं तोच आकडा दाखवला तरच स्वाराला बसवायचं. संगीतामुळे ऑक्सिजनच्या वापरात पडणारा फरक लहान असतो. यंत्रच तेवढं सरकत असेल तर मग काय मोजणार?

गाण्याची तयारीही तितकीच काटेकोर. पेडल मिनिटाला ६५ फेरे, प्रत्येक फेऱ्यात दोन दाब, म्हणजे १३० ठोक्यांचं गाणं पायांशी जुळतं. संगणकावरची आज्ञावली पुष्कळदा ठोके निम्मे किंवा दुप्पट मोजते. ७० दाखवते तिथे १४० असतात. म्हणून कानानं ऐकून, बोटानं टेबलावर ठोकून पडताळायचं. सुरुवातीचा ठेक्याविना भाग कापायचा. सगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणायचा, कानाशी सुमारे ७५ डेसिबल. गाणं किती प्रेरक वाटतं हे संशोधकानं ठरवायचं नसतं. ब्रुनेल विद्यापीठाचे कोस्टास कॅराजॉर्गिस आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये त्यासाठी प्रश्नावली तयार केली, २००६ मध्ये ती सुधारली. नव्या रूपात सहा विधानं, प्रत्येकाला १ ते ७ गुण, आणि गुण द्यायचे ते सहभागींसारख्याच वयाच्या आणि आवडीच्या लोकांनी.

[दृश्य: भिंतीवरची श्रममापनाची पट्टी. स्वाराचं बोट १३ वर.]

तोंडावर मास्क आहे, म्हणून उत्तर बोटानं. गुन्नार बोर्ग यांची ६ ते २० ची पट्टी. ६ म्हणजे श्रम अजिबात नाहीत, २० म्हणजे याहून जास्त शक्य नाही.

२०१२ मधल्या एका छोट्या अभ्यासात १२३, १३० आणि १३७ ठोक्यांची गती वापरून, पेडल मात्र ६५ वरच ठेवून मोजणी झाली. पायांशी जुळणाऱ्या १३० वर ऑक्सिजन लागला तो मंद गतीपेक्षा सुमारे ७ टक्के कमी. हृदयगतीत मात्र फरक नाही. मग २०२० मध्ये पीटर टेरी आणि सहकाऱ्यांनी १३९ अभ्यास, ३,५९९ सहभागी एकत्र करून हिशेब मांडला. परिणामाचं माप (शून्य म्हणजे परिणाम नाही) मनःस्थितीवर ०.४८, कामगिरीवर ०.३१, श्रमाच्या जाणिवेवर ०.२२, ऑक्सिजनवर ०.१५. हृदयगतीवर दखल घेण्याजोगा परिणाम नाही. संगीतानं सर्वांत जास्त बदलतं ते 'कसं वाटतंय' हे. ते दुय्यम मानून बाजूला सारणं चूक आहे, कारण व्यायाम सुटतो तो बहुधा तिथूनच.

[दृश्य: स्वार वेग वाढवतो. चेहरा घामानं डबडबलेला. संगीत मोठं होतं.]

श्वास लागू लागतो तो उंबरठा ओलांडला की गाणं श्रमाची जाणीव कमी करू शकत नाही. स्नायूंचे आणि फुप्फुसांचे संदेश लक्ष पूर्णपणे ओढून घेतात. म्हणून प्रयोगाच्या अहवालात तीव्रता आधी लिहायची, गाण्याचं नाव नंतर.

चुंबकी रेणूंवरच्या कामाचा उपयोग पुढे रेणूंत माहिती साठवण्यासाठी होऊ शकतो, आणि सायकलवरच्या मोजणीचा दीर्घ व्यायाम टिकवण्यासाठी.

[दृश्य: वहीचं पान. दोन रकाने.]

वहीत पहिला रकाना कोऱ्या मोजणीचा आहे. त्यात तारीख, तापमान, रिकाम्या कॅप्सूलचं वजन. दुसऱ्या प्रयोगशाळेच्या वहीत त्याच जागी हेडफोनसह शांत फेरी, वायूची तपासणी, खोलीतली आर्द्रता. हे रकाने भरल्याशिवाय नमुना आत जात नाही आणि स्वार पेडलवर पाय ठेवत नाही.