एकदाच श्याम झालेले माधव वझे

१९५३ साली आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ हा चित्रपट प्रदर्शित झाला, तेव्हा मराठवाडा अजून हैदराबाद राज्यात होता. निजामाची राजवट संपून जेमतेम पाच वर्षे लोटली होती, आणि जिथे वरच्या वर्गांचे शिक्षण मुख्यतः उर्दूतून होत असे, तिथे मराठीतून शिकणारी पिढी नुकती घडू लागली होती. त्या पिढीला पडद्यावर आपल्याच भाषेत हट्ट करणारा, रुसणारा, आईचा मार खाणारा एक मुलगा भेटला. ती भूमिका माधव वझे यांनी केली होती.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेला श्याम कोकणातला. काळ्या जमिनीच्या, गोदाकाठच्या या मुलखाला समुद्र परका होता, विहीर मात्र नव्हती. पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्या इथल्या मुलांना, पोहण्याच्या भीतीने दडून बसलेला श्याम आणि शिंपटीने झोडपून त्याला पाण्याकडे धाडणारी आई यांचा प्रसंग कुणी समजावून सांगावा लागला नाही. वनमाला यांच्या कठोर, तरीही आतून कळवळणाऱ्या आईसमोर उभे राहणे सोपे नव्हते. वझे यांचा श्याम भित्राही आहे आणि चिडखोरही. आज श्याम म्हटले की केवळ आज्ञाधारक, रडवेला मुलगा आठवतो, तो त्या अभिनयावर थोडा अन्यायच होय.

१९५४ साली राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार प्रथमच देण्यात आले आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक ‘श्यामची आई’ला मिळाले. एवढ्या यशानंतर त्या मुलाकडे भूमिकांची रीघ लागावी, अशी आपली समजूत असते. परंतु बालनटाची उंची वाढते, आवाज फुटतो आणि ज्या चेहऱ्यावर लोकांनी जीव लावला तो दोन-तीन वर्षांत उरत नाही. त्याच सुमारास ‘दो बिघा जमीन’ आणि ‘बूट पॉलिश’ गाजवणारा रतन कुमार कुटुंबासह पाकिस्तानात गेला, तेथील चित्रपटांत काम करत राहिला, पण बालपणीची ती कीर्ती त्याला पुन्हा लाभली नाही.

वझे यांनी वाट बदलली. ते पुण्यात इंग्रजीचे प्राध्यापक झाले, नाटके बसवली, आणि नाट्यसमीक्षक म्हणून दुसऱ्यांचा अभिनय पारखत राहिले. उतारवयात काही चित्रपटांत छोट्या भूमिकांतून ते पुन्हा दिसले. मे २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची कारकीर्द अर्धवट राहिली असे म्हणणे मला पटत नाही, कारण चित्रपट हे त्यांच्या आयुष्यातील एक काम होते, सगळे आयुष्य नव्हे.

बालकलाकारांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाला तो १९६८ सालच्या चित्रपटांपासून. तोवर श्याम पडद्यावर येऊन पंधरा वर्षे झाली होती.