जिन्यातला पाहुणा

श्रोतेहो, नमस्कार.

काड्यापेटीत बाभळीचा पाला घालून सोनकिडा पाळलेले बरेच जण आत्ता ऐकत असतील. आज त्याच्याच कुळातल्या एका लांबच्या भावाची गोष्ट. नाव जरा जड आहे, ब्युप्रेस्टिस ऑरुलेंटा. आपण सोनेरी भुंगा म्हणू. राहणार उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडचा, डग्लस फर आणि पाईनच्या जंगलातला. लांबी दोनेक सेंटिमीटर, पाठ हिरवी, कडेला तांब्याची झाक.

आता गोष्ट. 1983 चा मे महिना. इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यात, साउथएंड शहरात, प्रिटलवेल म्हणून भाग आहे. तिथल्या एका घरात जिन्याच्या लाकडातून हा भुंगा बाहेर आला. जिना नवा नव्हे बरं का! अळी त्या लाकडात किमान 51 वर्षं होती. पुन्हा सांगतो, एक्कावन्न वर्षं. मागे मोजा, 1932 येतं. त्या साली इकडे येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचं उपोषण झालं, पुणे करार झाला. पुढे महायुद्ध झालं, स्वातंत्र्य आलं, आणि ही बया अंधारात लाकूड कुरतडतेच आहे. वरून माणसं चढतायत, उतरतायत. शेवटी पंख फुटून ती बाहेर आली आणि महिन्याभरात तिथून जवळच, लॉर्ड्सवर, कपिलदेवनं विश्वचषक उचलला! (क्रिकेट खरं ऐकावं ते रेडिओवरच. टीव्हीवर नुसतं दिसतं. असो.)

एवढा उशीर का? मादी अंडी घालते ती झाडावरच, जखम झालेल्या किंवा आगीनं पोळलेल्या जागी. जंगलात अळीचा भुंगा व्हायला दोन-चार वर्षं पुरतात. पण मधेच झाड कापलं, फळ्या पडल्या, की अळी फळीसोबत घरात येते. वाळलेल्या लाकडात ना ओल, ना कस. मग वाढ रखडते. लक्षात घ्या, अळी जंगलातूनच येते. तयार फर्निचरमध्ये हा भुंगा सहसा अंडी घालत नाही, वाळवीसारखा घरभर पसरत नाही.

तरी लोक या भुंग्याचं भोक दिसलं की फवारणीवाल्याला फोन लावतात. अहो, भोक दिसलं म्हणजे भुंगा गेला! थोडं मेण घ्या आणि बुजवा.