स्वस्त मनुष्यबळाच्या पलीकडे: माहिती-तंत्रज्ञान आउटसोर्सिंगमधील देशांची भागीदारी

माहिती-तंत्रज्ञानाच्या कोणत्याही मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात गेलात, की एका बाजूला देशांच्या दालनांची रांग दिसते. तिथे व्यापार खात्याचे अधिकारी असतात, दोन-चार स्थानिक कंपन्यांचे प्रतिनिधी असतात आणि टेबलावर माहितीपुस्तिकांचा गठ्ठा असतो. देश कोणताही असो, पुस्तिकेतला मजकूर बहुतेक सारखाच असतो. आमची लोकसंख्या तरुण आहे, दरवर्षी इतके अभियंते पदवी घेऊन बाहेर पडतात, त्यांना इंग्रजी येते आणि त्यांचे दर कमी आहेत. काम बाहेर देणाऱ्या कंपन्यांच्या बाजूने करार बांधण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. या चार मुद्द्यांमुळे देशाचे नाव यादीत येते, इतका त्यांचा उपयोग निश्चित आहे. पण अंतिम सही त्यांच्या जोरावर झालेली मी पाहिलेली नाही. काम देणारी कंपनी आपला माल, आपले ग्राहक आणि पुष्कळदा आपली अब्रू दुसऱ्या देशातल्या माणसांच्या हाती सोपवत असते. तेव्हा तिला एकच गोष्ट जाणून घ्यायची असते: काही बिघडले तर निस्तरणार कोण? या जोखमीचा वाटा जो देश स्वतःच्या अंगावर घेतो, त्याच्याकडे काम टिकते, असे माझे मत आहे आणि आजचे व्याख्यान त्याच मताभोवती आहे.

या व्यवसायाचा इतिहास सांगताना 1989 साली कोडॅक कंपनीने आपली डेटा सेंटर चालवण्याचे काम आयबीएमकडे सोपवले, त्या कराराचा उल्लेख हटकून होतो. एवढी मोठी कंपनी आपले संगणक दुसऱ्याच्या हाती देते, हे पाहिल्यावर इतरांची भीड चेपली. पण काम कंपनीबाहेर देणे वेगळे आणि देशाबाहेर देणे वेगळे. या दुसऱ्या वाटेवर सरकारचे वजन किती पडते हे पाहायचे असेल, तर भारताचे उदाहरण जवळून पाहावे लागते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने 1985 मध्ये बंगळूरला आपले केंद्र काढले, तेव्हा खरा प्रश्न अभियंत्यांचा नव्हताच. तयार झालेले काम अमेरिकेत पोचवायचे कसे, हा होता. त्यासाठी स्वतंत्र उपग्रह जोडणी लागली आणि तिला सरकारची परवानगी लागली. मोठ्या कंपनीला हे झेपले. वीस-पंचवीस माणसांच्या कंपनीने काय करायचे? 1991 साली सुरू झालेल्या सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क योजनेने नेमकी ही अडचण ओळखली. सरकारी संस्थेने भूकेंद्रे, म्हणजे उपग्रहाशी संपर्क साधणारी जमिनीवरची केंद्रे, उभारली आणि त्यावरची जोडणी लहान कंपन्यांना भाड्याने दिली. निर्यातीसाठी लागणारी यंत्रसामग्री सीमाशुल्काविना आणण्याची सोयही तिथेच झाली. त्या दशकाच्या अखेरीस जगभरच्या संगणकांतील सन 2000 चा तारखांचा घोळ निस्तरायची वेळ आली, तेव्हा भारतातील लहान-मोठ्या कंपन्यांना काम घेता आले, कारण जोडणी आधीपासून तयार होती. करसवलतीची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली. या भूकेंद्रांची मात्र त्या मानाने फार थोडी झाली, याची मला खंत वाटते.

आता भागीदारी या शब्दाकडे येऊ. व्हिएतनाम आणि जपान यांच्यातला व्यवहार मला या बाबतीत सर्वात शिकवून जाणारा वाटतो. 1988 साली स्थापन झालेल्या एफपीटी या व्हिएतनामी कंपनीने 2005 मध्ये जपानमध्ये आपली कंपनी काढली. जपानी ग्राहकाशी इंग्रजीतून काम रेटता येत नाही, हे या कंपनीच्या लोकांनी लवकर ओळखले. त्यातून दोन्ही बाजूंच्या मधे उभा राहणारा एक माणूस तयार झाला. त्याला ब्रिज इंजिनिअर म्हणतात. त्याला जपानी येते, संगणकाचे कामही येते; पण त्याचे खरे कौशल्य ग्राहकाने न लिहिलेले वाचण्यात असते. समजा, बँकेच्या प्रणालीच्या तपशीलपत्रात एक वाक्य आहे: 'व्यवहार रद्द झाल्यास रक्कम पूर्ववत करावी.' वाचायला हे सरळ आहे. पण व्यवहार रात्री बारापूर्वी झाला आणि रद्द बारानंतर झाला, तर नोंद कोणत्या तारखेला धरायची? मधल्या वेळात व्याजाची आकारणी झाली असेल तर ती उलटवायची का? ब्रिज इंजिनिअर अशा शंकांचा तक्ता करतो. एका रकान्यात स्क्रीनचा क्रमांक, दुसऱ्यात शंका, तिसऱ्यात 'उत्तर न आल्यास आम्ही असे धरून चालू' हे गृहीतक, चौथ्यात उत्तर कधीपर्यंत हवे ती तारीख. हा तक्ता पहिल्या आठवड्यात गेला, तर शंकेचे उत्तर एका ओळीत मिळते. तीच शंका चाचणीच्या टप्प्यावर निघाली, तर लिहिलेला प्रोग्रॅम उकलावा लागतो आणि आठवडे जातात. असा माणूस महिनाभराच्या भाषावर्गातून तयार होत नाही. त्याला जपानमध्ये राहावे लागते, तिथल्या कार्यालयात बसावे लागते, चुका करून शिकावे लागते. म्हणजे त्याला व्हिसा लागतो, शिक्षणाची सोय लागते आणि परतल्यावर त्या अनुभवाची किंमत करणारी नोकरी लागते. यातली एकही गोष्ट एकट्या कंपनीच्या हातात नसते. दोन्ही देशांनी ठरवले तरच ती होते.

माणसांच्या ये-जा करण्याचा हा मुद्दा मी मुद्दाम लांबवतो आहे, कारण बहुतेक वाटाघाटींचे घोडे इथेच पेंड खाते. 1995 पासून लागू असलेल्या सेवा व्यापाराच्या जागतिक करारात सेवा पुरवण्याचे चार प्रकार मानले आहेत आणि त्यातला चौथा प्रकार माणसाने स्वतः परदेशी जाऊन सेवा देण्याचा आहे. कागदावर त्याला मान्यता असली, तरी प्रत्यक्षात देश सर्वात जास्त हात आखडता घेतात तो याच प्रकारात. अमेरिकेच्या एच-1बी व्हिसाची वार्षिक मर्यादा 65,000 आणि तिथल्या पदव्युत्तर पदवीधरांसाठी आणखी 20,000 अशी आहे. सप्टेंबर 2025 मध्ये तर नव्या अर्जांवर 1,00,000 डॉलरचे शुल्क जाहीर झाले. ज्या देशाची सारी भिस्त एका बाजारपेठेच्या एका व्हिसावर आहे, त्याचा उद्योग असा एका सहीने हादरतो.

व्हिसा मिळाला तरी पुढचा खर्च उरतोच. परदेशी दोन-तीन वर्षांसाठी पाठवलेल्या अभियंत्याच्या पगारातून तिथल्या निवृत्तिवेतनाची वर्गणी कापली जाते आणि पुरेशी वर्षे न भरल्यामुळे तिचा लाभ बहुधा त्याच्या पदरात पडत नाही. मायदेशातली वर्गणीही चालूच असते. हे दुहेरी ओझे उतरवण्यासाठी सामाजिक सुरक्षा करार असतात. भारताचा बेल्जियमबरोबरचा असा करार 2009 मध्ये आणि जपानबरोबरचा 2016 मध्ये अमलात आला. अमेरिकेबरोबर मागणी जुनी आहे, करार अजून नाही. कराचेही तेच. भारतीय कंपन्यांनी भारतात बसून ऑस्ट्रेलियातील ग्राहकांसाठी केलेल्या तांत्रिक कामावर ऑस्ट्रेलिया कर लावत असे, कारण दोन देशांतील जुन्या कर-करारातील तरतुदीचा अर्थ तसा निघत होता. 2022 साली व्यापार करार झाला, त्याच्या जोडीने ऑस्ट्रेलियाने आपला कायदा बदलला आणि हा कर थांबला. या बातमीला वर्तमानपत्रांत फारशी जागा मिळाली नाही. पण दर ठरवताना टक्क्या-दोन टक्क्यांसाठी रात्ररात्र बसलेल्या माणसाला विचारा, म्हणजे तिचे मोल कळेल.

यानंतरचा विषय विदेचा, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या डेटाचा. युरोपीय संघाचा डेटा संरक्षण कायदा 25 मे 2018 पासून लागू झाला. ज्या देशाचा कायदा पुरेसे संरक्षण देतो असे युरोपीय आयोग मान्य करतो, तिथे युरोपातील नागरिकांची माहिती वेगळ्या परवानगीविना पाठवता येते. अर्जेंटिनाला ही मान्यता 2003 मध्ये मिळाली, उरुग्वेला 2012 मध्ये. जपानला 2019 मध्ये आणि दक्षिण कोरियाला 2021 मध्ये मिळाली. उरुग्वेची लोकसंख्या पस्तीस लाखांच्या आसपास आहे. अभियंत्यांच्या संख्येत त्याची कोणाशी तुलनाच होणार नाही. तरीही युरोपातील विमा कंपनी किंवा रुग्णालय काम देऊ लागले, तर उरुग्वेतील कंपनीचा वकील एका परिच्छेदात मोकळा होतो आणि मान्यता नसलेल्या मोठ्या देशातील कंपनीला प्रत्येक करारासोबत प्रमाणित कलमांचे जाड परिशिष्ट जोडावे लागते, शिवाय आपल्या देशातील सरकारी यंत्रणा ती माहिती कोणत्या परिस्थितीत मागू शकते याचे मूल्यमापनही द्यावे लागते.

इथे माझ्या अनुभवातली एक गोष्ट सांगतो. एका देशातील मध्यम आकाराची कंपनी आम्ही जवळजवळ नक्की केली होती. कामाचा दर्जा उत्तम होता, त्यांच्या चमूने केलेला नमुना प्रकल्प वेळेआधी पूर्ण झाला होता. ग्राहकाच्या डेटा संरक्षण अधिकाऱ्याने एकच पत्र मागितले: तुमच्या देशात माहितीची चोरी झाली तर तक्रार कोणत्या कार्यालयाकडे करायची आणि त्या कार्यालयाला दंड करण्याचा अधिकार आहे का? कायदा झालेला होता, पण कार्यालय स्थापन झालेले नव्हते. मंत्रालयातून उत्तर यायला चार महिने लागले आणि तेही 'प्रक्रिया सुरू आहे' एवढेच होते. काम दुसरीकडे गेले. त्या चमूतील मुलामुलींचे चेहरे आजही माझ्या डोळ्यांसमोर येतात, कारण त्यांच्याकडून काहीही कमी पडले नव्हते.

इंटरनेट वाहून नेणाऱ्या समुद्राखालच्या केबलचे तसेच आहे. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर 2009 मध्ये सीकॉम आणि टीम्स या केबल पोचल्या, तोवर तिथले देश परदेशी संपर्कासाठी महागड्या उपग्रहांवर अवलंबून होते; केनियाच्या या व्यवसायाला खरे बळ त्यानंतर मिळाले. मार्च 2024 मध्ये पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ एकाच वेळी चार केबल तुटल्या आणि अनेक देशांतील बँका व कार्यालये ठप्प झाली. म्हणून ग्राहक आता किती केबल आहेत एवढे विचारून थांबत नाही. त्या वेगवेगळ्या मार्गांनी येतात का आणि किनाऱ्यावर वेगवेगळ्या ठिकाणी उतरतात का, हेही तो विचारतो. शेजारच्या देशाशी बोलणी केल्याशिवाय याचे उत्तर बहुतेक लहान देशांना देताच येत नाही.

राजकीय स्थैर्याबद्दल थोडक्यात बोलतो, कारण त्यावर सरसकट विधाने फार होतात. बेलारूसने 2005 मध्ये हाय-टेक पार्क स्थापन केला, करांत मोठी सूट दिली आणि खरोखर नाव कमावले. ऑगस्ट 2020 च्या निवडणुकीनंतर दडपशाही झाली, तेव्हा कंपन्या आणि अभियंते शेजारच्या देशांत निघून गेले. युक्रेनने माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांसाठी 'दिया सिटी' ही खास कायदेशीर व्यवस्था फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू केली आणि त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांतच त्याच्यावर आक्रमण झाले. तरीही त्या वर्षी युक्रेनची माहिती-तंत्रज्ञान सेवांची निर्यात आदल्या वर्षापेक्षा वाढली. माणसे पश्चिमेकडच्या शहरांत गेली, जनरेटर आणि उपग्रह जोडण्या आल्या, ग्राहकांना रोजच्या रोज कळवले गेले. स्थैर्य म्हणजे शांतता असे आपण गृहीत धरतो. ग्राहक मात्र त्यापेक्षाही अधिक हे पाहतो, की संकटात हे लोक खरे सांगतील का आणि यांचे सरकार यांच्या बाजूने उभे राहील का.

शेवटचा मुद्दा सध्याच्या घडीचा आहे. आजवर या व्यवसायाचे बिल माणसांच्या तासांवर निघत आले. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आल्यापासून ग्राहक तास मोजायला राजी नाही. साध्या चौकशीचे फोन आणि नेहमीच्या धाटणीचा प्रोग्रॅम यांचे दर खाली येत आहेत. फक्त स्वस्त तास विकणाऱ्या देशाला याची झळ सर्वात आधी बसणार. अशा वेळी काम पुरवणाऱ्या देशांनी एकमेकांना प्रतिस्पर्धी मानून दर पाडत बसण्यापेक्षा एकमेकांशी जोडून घ्यावे, असे मला मनापासून वाटते. त्याची उदाहरणे जुनी आहेत. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने 2001 मध्ये हंगेरीतील बुडापेस्टला आणि 2002 मध्ये उरुग्वेतील माँटेव्हिडिओला केंद्र काढले. बुडापेस्टमध्ये युरोपीय भाषा बोलणारी माणसे मिळाली, माँटेव्हिडिओमध्ये अमेरिकेच्या जवळची वेळ आणि स्पॅनिश मिळाली आणि त्या शहरांना मोठी प्रणाली चालवण्याची शिस्त मिळाली. भारतात रात्र झाली, की चालू कामाची नोंदवही उरुग्वेतल्या चमूकडे जाते. तिथला माणूस सकाळी पहिल्यांदा तीच उघडतो, अपुऱ्या नोंदींपुढे आपली शंका लिहितो आणि आदल्या चमूतला एक जण घरी जाण्यापूर्वी त्या शंकांची उत्तरे देण्यासाठी अर्धा तास थांबतो. दोन देशांच्या कामगार कायद्यांत तो अर्धा तास कोणाच्या पगारात धरायचा, याचा निर्णय ज्या मंत्रालयांनी आधीच करून ठेवला आहे, तिथे पुढचा करार करायला मला कधी फार वेळ लागला नाही.