कासव मागतं म्हणून द्यायचं नसतं

(कोथरूडमध्ये एका रविवारी सकाळी कासव पाळणाऱ्यांसमोर एका पशुवैद्यांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. बरीच मंडळी डबे घेऊन आलेली दिसतात आणि त्या डब्यांमधून खुडबूड ऐकू येतेय. तपासणी व्याख्यान झाल्यावर करू. तोवर कृपा करून झाकणं थोडी उघडी ठेवा.

आपल्यापैकी बहुतेकांकडे जे आहे ते लाल कानाचं कासव, दुकानदाराच्या भाषेत ‘रेड इअर’. मूळ गाव अमेरिका, मिसिसिपी नदीचं खोरं. डोळ्यामागे लाल पट्टा असतो ते. ज्यांच्या डब्यात पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं किंवा मऊ पाठीचं कासव आहे, त्यांनी मला नंतर बाजूला भेटावं. आपली देशी कासवं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, ती घरात ठेवताच येत नाहीत. वास्तूसाठी आणलं, कुणी भेट दिलं, यातलं काही चालत नाही. त्यांच्या जेवणाचा प्रश्न आपला नाहीच. १९२६ या वनविभागाच्या हेल्पलाइनवर फोन करायचा. घराच्या भरभराटीसाठी कासवच हवं असेल तर पितळेचं आणा. शंकराच्या देवळात नंदीजवळ दगडाचं असतंच की, त्याला खायलाही लागत नाही.

आता आपलं लाल कानाचं. या प्राण्याचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे त्याचा अभिनय. तुम्ही खोलीत आलात की ते काचेला नाक लावतं, मान लांब करतं, पाय मारत सुटतं. घरातली आजी म्हणते, ‘अगं, उपाशी आहे गं बिचारं!’ आणि चिमूटभर काहीतरी पडतं. मग आजोबा येतात. मग शाळेतून नातू येतो. नदीत राहणाऱ्या या प्राण्याला पुढचं खाणं कधी मिळेल याचा भरवसा नसतो, त्यामुळे समोर आलं की खायचं ही त्याची रीत. घरात आल्यावर ते एवढंच शिकतं की ही दोन पायांवर चालणारी माणसं आली की वरून काहीतरी पडतं. भूक आहे की नाही याचा त्या नाचाशी संबंध नाही. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो: कासवाच्या तोंडाकडे बघून वाढू नका, त्याच्या वयाकडे बघून वाढा.

त्याच्या वयाकडे म्हणजे काय, ते सांगतो. पिल्लू असताना हा प्राणी बऱ्यापैकी मांसाहारी असतो. किडे, अळ्या, गोगलगाई, बारीक मासे. अंग झपाट्याने वाढत असतं, प्रथिनं लागतात. मोठं होता होता तो वनस्पतींकडे वळतो आणि पूर्ण वाढल्यावर ताटातला मोठा हिस्सा हिरवा असायला हवा. आपण करतो काय? जेमतेम तीन-चार सेंटीमीटरचं पिल्लू आणलं तेव्हा दुकानदाराने जी बरणी दिली, तीच बरणी आठ वर्षं चालू ठेवतो. या कासवाची मादी पंचवीस-तीस सेंटीमीटरपर्यंत वाढते आणि नीट सांभाळलं तर हा प्राणी वीस-तीस वर्षं जगतो. तीस वर्षं कुणाला सेरेलॅकवर ठेवाल का?

त्या बरणीबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण माझ्याकडे येणारी निम्मी दुखणी तिथून निघतात. बरणीत असते वाळवलेली बारीक कोळंबी. कासव ती आवडीने खातं, वास तिखट असतो, दुकानदाराला परवडते. काही घरांत तर स्वयंपाकघरातली सुकट किंवा जवळाच थेट टाकीत जातो. ‘डॉक्टर, तेच तर आहे ना?’ जवळपास तेच आहे, आणि तेच तर दुखणं आहे. कधीमधी चव म्हणून चालेल. मीठ लावलेली असेल तर तीही नको. पण पूर्ण जेवण म्हणून ती फार अपुरी. वाळवणात जीवनसत्त्व अ जवळजवळ उरत नाही, आणि या जीवनसत्त्वाची कमतरता या कासवांना फार लवकर दिसते.

दिसते कुठे, तर डोळ्यांवर. पापण्या सुजतात, डोळे मिटतात. मालक मेडिकलमधून डोळ्यांचे थेंब आणून घालत बसतात. दुखणं डोळ्यात नसतंच. अ जीवनसत्त्व कमी पडलं की डोळे, नाक, कान यांच्या आतलं अस्तर जाड आणि कोरडं होतं, ग्रंथींच्या नळ्या तुंबतात, मग सूज येते. कधी कानाच्या जागी, डोक्याच्या बाजूला गाठ येते. त्यात घट्ट, चीझसारखा पू असतो आणि तो शस्त्रक्रियेनेच काढावा लागतो. यातला दुष्टचक्राचा भाग असा की कासव डोळ्याने बघून खातं. डोळे मिटले की खाणं बंद, आणि खाणं बंद झालं की कमतरता वाढते. आणि हो, इंटरनेटवर वाचून जीवनसत्त्वाचं इंजेक्शन घरी देऊ नका. अ जीवनसत्त्व जास्त झालं तर कातडी सोलवटून निघते, ते पाहवत नाही.

मग बरणी नको तर काय? चांगल्या कंपनीच्या, कासवांसाठीच बनवलेल्या गोळ्या हा पाया ठेवा. माशांचं खाद्य नव्हे. पाकिटावर घटक वाचा. पहिल्या ओळीत मक्याचं किंवा गव्हाचं पीठ असेल तर परत ठेवा. पण गोळ्या हे अर्धं जेवण, उरलेलं आपण मंडईतून आणायचं.

आता मंडई. पुण्यात पालेभाजीला तोटा नाही, घोळ होतो तो निवडीत. पालेभाजी म्हटलं की पहिला हात जातो पालकाकडे. पालक, आंबट चुका, चाकवत, माठ यांत ऑक्झलेट भरपूर असतं आणि ते कॅल्शियमला धरून बसतं, म्हणजे पोटात गेलेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. महिन्यातून एकदा दिलंत तर जग बुडणार नाही, पण रोजचं नको. हॉटेलात सॅलडखाली पसरतात ते फिकट कुरकुरीत लेट्युस म्हणजे नुसतं पाणी. कोबी-फ्लॉवरचा मारा थायरॉइडला बरा नाही. उरलं काय? शेवग्याचा पाला, हा माझा सगळ्यात लाडका, यात कॅल्शियम भरपूर. गाजराचा पाला, मेथी, कोथिंबीर, मुळ्याचा पाला आलटून पालटून. लाल भोपळ्याचा आणि गाजराचा कीस, कारण त्यातल्या नारिंगी रंगातून अ जीवनसत्त्व मिळतं. तुतीची कोवळी पानं. आणि जास्वंद! फूल आणि पान दोन्ही खातात. फक्त ती तुमच्या गच्चीतली असावीत. फुलवाल्याकडच्या जास्वंदीवर काय फवारलंय ते गणपतीलाच ठाऊक.

दरवर्षी कुणीतरी विचारतंच, म्हणून आधीच सांगतो. मुळा-मुठेवर जलपर्णीचा गालिचा पसरतो, ती फुकट आहे आणि कासवं ती खातातही. पण ती आणू नका. जलपर्णी पाण्यातले जड धातू शोषून घेते, म्हणून तर ती सांडपाणी स्वच्छ करायला वापरतात. आपल्या नदीत काय वाहतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

‘पण आमचं खातच नाही पाला.’ नाही खाणार. आठ वर्षं कोळंबी खाल्लेल्याने पहिल्याच दिवशी शेवगा का खावा? मोठं, धडधाकट कासव दोन-तीन दिवस गोळ्यांशिवाय राहिलं तर त्याला काही होत नाही. तेवढे दिवस टाकीत नुसती पानं तरंगत ठेवा, चिमट्याने काचेला लावून ठेवा. तरीही नाक मुरडलं तर एक युक्ती आहे. घरात चायना ग्रास असतं ना, ते पाण्यात उकळून विरघळवा, कोमट झालं की त्यात बारीक चिरलेला पाला, भोपळ्याचा कीस, चुरलेल्या गोळ्या आणि उकडलेल्या माशाचं थोडं पाणी घाला. वडी थापून फ्रीजमध्ये ठेवा. माशाचा वास येतो म्हणून कासव फसतं, आणि वडी पाण्यात लगेच विरघळत नसल्याने टाकीही घाण होत नाही. हळूहळू माशाचं पाणी कमी करत न्यायचं.

मासे आणि मांस पटकन उरकतो. कोंबडीचे बिनहाडाचे तुकडे, खिमा: यात फॉस्फरस खूप आणि कॅल्शियम नावापुरतं. हे प्रमाण उलटं पाहिजे, कॅल्शियम दीड ते दोन पट. नुसत्या मांसावर वाढलेल्या कासवाची पाठ दाबली तर दबते. गोल्डफिशसारख्या कार्प कुळातल्या बऱ्याच माशांत थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं, ते ब-१ जीवनसत्त्व नष्ट करतं. फ्रीजरमध्ये ठेवून ते जात नाही, शिजवल्यावर जातं. डासांसाठी सोडतात ते गप्पी मासे अधूनमधून चालतात. गांडूळ उत्तम, फवारणी न केलेल्या मातीतलं. पोळी, पाव, भात, दूध, पनीर, फरसाण, यातलं काहीच नको. फरसाण कुणी देत नाही असं समजू नका.

कॅल्शियमवर मात्र थांबायला हवं. पक्ष्यांच्या दुकानात पांढरं, हलकं समुद्रफेन मिळतं. वैद्यांच्या बटव्यातलं तेच, माकुल माशाच्या अंगातलं कवच. त्याचा कडक पाठीचा भाग काढून तुकडा टाकीत तरंगत ठेवा. कासव हवं तेव्हा कुरतडतं, चोचही घासली जाते. पण तुम्ही कितीही समुद्रफेन घाला, ऊन नसेल तर सगळं वाया. आतड्यातून कॅल्शियम रक्तात जायला ड-३ जीवनसत्त्व लागतं, आणि ते कातडीत तयार व्हायला उन्हातले अतिनील-बी किरण लागतात. खिडकीची काच हे किरण अडवते. सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या माजघरात किंवा बाणेरच्या काचेच्या बंद गॅलरीत ठेवलेलं कासव उजेडात असतं, उन्हात नसतं. अर्धी पाठ मऊ, पाय वाकडे झालेली कितीतरी कासवं अशा लख्ख उजेडाच्या घरांतून येतात. सकाळचं कोवळं ऊन थेट अंगावर पडू द्या, शेजारी सावली आणि पाणी ठेवून, नजर ठेवून. बादलीत घालून गच्चीवर विसरलात तर ते अर्ध्या तासात उकडून मरेल. ऊन जमतच नसेल तर अतिनील-बी दिवा घ्या आणि तो पेटतोय म्हणून वर्षानुवर्षं ठेवू नका. उजेड तसाच राहतो, किरण मात्र सहा महिने-वर्षभरात ओसरतात.

किती द्यायचं? कासवाचं डोकं बघा, मान सोडून. सगळ्या मिळून तेवढ्या आकाराच्या होतील इतक्या गोळ्या, एका वेळेला. पिल्लाला रोज, मोठ्याला एक किंवा दोन दिवसाआड. पाला मात्र रोज असू द्या, त्याने लठ्ठ होत नाही. पाय आत घेतल्यावर कवचाच्या कडेने मांसाचे वळे बाहेर येत असतील तर मंडळी, जरा आवरा. जास्त प्रथिनांनी पिल्लं लवकर मोठी दिसतात, लोक खूष होतात, पण कवच वेडंवाकडं वाढतं आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. आणि खाणं पाण्यातच द्या. या कासवांची जीभ तोंडात चिकटलेली असते, पाण्याशिवाय घास गिळता येत नाही.

डिसेंबर-जानेवारीत फोन वाढतात. ‘डॉक्टर, चार दिवस झाले, काही खात नाही.’ रात्री पारा दहा-बारा अंशांवर उतरतो, फरशीवरच्या टाकीतलं पाणी गार पडतं. कासवाचं अंग पाण्याएवढंच गरम असतं. थंडीत पचन मंदावतं, आणि अशा वेळी बळेबळे भरवलं तर अन्न पोटात कुजतं. पाणी २४ ते २७ अंशांवर ठेवणारा हीटर लावा, बसायच्या दगडावर दिवा लावा, मग बघा. भूक परत येते. तरीही नाही आली, किंवा नाकातून फुगे येत असतील, एका बाजूला कलून पोहत असेल, तर वाट बघू नका.

टाकी धुतल्यावर हात साबणाने धुवा आणि ती स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये अजिबात धुऊ नका. ही कासवं पोटाचा आजार देणारे साल्मोनेला नावाचे जिवाणू बाळगतात. अमेरिकेत १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आली ती लहान मुलांना होणाऱ्या याच आजारामुळे. आणि कंटाळा आला म्हणून पाषाण तलावात किंवा खडकवासल्याला सोडायचं नाही. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परकीय प्रजातींच्या यादीत हे कासव आहे. ते आपल्या देशी कासवांचं खाणं आणि ऊन खायची जागा दोन्ही बळकावतं.

हां, मागून हात वर आहे. काय म्हणता? ‘गणपतीला आठ दिवस कोकणात जातो, तेव्हा काय करायचं?’ चांगला प्रश्न. मोठं, निरोगी कासव असेल तर आठ दिवस फारसं अडत नाही. निघायच्या दिवशी टाकीत पाला भरपूर सोडा, फिल्टर साफ करा. पाण्यात आपोआप विरघळणारे सुट्टीचे खाद्याचे ठोकळे मिळतात, ते नकोत, पाणी सडतं. पिल्लू असेल तर शेजारच्या काकूंना सांगावं लागेल. त्यांना बरणी देऊ नका. प्रत्येक वेळेच्या गोळ्या मोजून कागदाच्या पुड्या बांधा, पुडीवर वार लिहा आणि उरलेली बरणी कपाटात कुलूप लावून ठेवा. काकू प्रेमळ असतात.