आमेनच्या आधी

सलाम मंडळी. मला विषय दिलात 'अडथळ्यांत देवावर भरवसा', आणि नेमकं गुरुवारी रात्री घरी काय झालं ते ऐका. माझं नोकरीचं अधांतरी आहे हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहेच, तर कौटुंबिक प्रार्थनेत मी डोळे मिटून चांगली लांबलचक प्रार्थना केली, प्रभू सगळं तुझ्यावर सोपवलंय वगैरे, आवाजही जरा भरून आला. आणि धाकटी म्हणते, "पप्पा, आमेन व्हायच्या आधीच तू मेल बघितलास."

बघितला होता. फोन मांडीवर, अंगठा चालूच. बायको हसली, मी चिडलो, प्रार्थनेत डोळे उघडे कसे तुझे म्हणून उलट धाकटीलाच ओरडलो. घ्या!

भाषणासाठी मी बायबलमधल्या तांबडा समुद्र, यरीहो, गल्याथ अशा सगळ्या गोष्टी काढून ठेवल्या होत्या, संडेस्कूलपासून आपण तेच ऐकतो ना, समुद्र दुभंगतो, भिंत पडते. पण दानिएलच्या 3ऱ्या अध्यायात, मूर्तीला नमत नाहीत म्हणून ज्यांना आगीच्या भट्टीत टाकणार असतात, ते तिघं राजाला काय सांगतात? आमचा देव सोडवायला समर्थ आहे, आणि नाही सोडवलं तरी तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. हे 'नाही तरी' माझ्या प्रार्थनेत कधी नसतंच. प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, काढ म्हणून प्रभूला 3 वेळा विनवलं, काटा तसाच, उत्तर काय तर माझी कृपा तुला पुरे. पंडिता रमाबाईंची मुलगी मनोरमा 1921 मध्ये गेली, तरी बाईंनी बायबलच्या भाषांतराचं काम सोडलं नाही, आणि पुढच्याच वर्षी त्याही गेल्या. मला एका मेलची वाट बघवत नाही.

आता जरा बोलणी खा. ग्रुपवर प्रार्थना विनंती आली की दोन मिनिटांत जोडलेल्या हातांची रांग, फोन एकाचाही नाही. आणि इथे उभं राहून देवाने आपलं काय भलं केलं याची साक्ष कोण देतो? ज्याचं काम झालं तो. ज्याचं नाही झालं तो आधी मागच्या खुर्चीत बसतो, मग यायचाच बंद होतो, आणि आपण म्हणतो विश्वास कमी पडला असेल. मागच्या वर्षी एक कुटुंब असंच गळालं, मलाही फोन करायचं सुचलं नाही. आता सुचतंय, कारण आता पाळी माझी आहे.

काल रात्री फोन आतल्या खोलीत ठेवून प्रार्थनेला बसलो. आमेन म्हणून डोळे उघडले तर धाकटी माझ्या हातांकडेच बघत होती. हात रिकामे होते, पण कान आतल्या खोलीकडे होते, ते तिला कळलं की काय, कुणास ठाऊक.