सुईचा हट्ट आणि ८४ गोळ्या

नमस्कार मंडळी. डवऱ्याचे दिवस आहेत. निम्मे श्रोते वावरात असतील, रेडिओ धुऱ्यावरच्या झाडाला टांगलेला असेल. हातातलं काम चालू द्या, नुसते कान इकडे असू द्या.

मोतीबिंदूच्या शिबिरातून एक काका माझ्याकडे आले. ऑपरेशनआधी रक्त तपासलं, त्यात हिपॅटायटिस सी निघाला. कोणीतरी ही लिव्हरची कावीळ असल्याचं सांगितलं आणि घरी काकूंनी त्यांचं ताट-लोटा वेगळा काढला. काका म्हणाले, "डाक्टरसाहेब, कावीय तं मले कधी झालीच नाही. मंग हे आलं कुठून?"

काकांचा प्रश्न अगदी रास्त होता. आपल्याकडे कावीळ म्हटलं की डोळे पिवळे, आणि डोळे पिवळे म्हटलं की गळ्यात माळ. माळ लांबत बेंबीपर्यंत आली की कावीळ उतरली म्हणायचं. खराब पाण्यातून होणारी ए आणि ई प्रकारची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप जाते, श्रेय मात्र माळेला मिळतं. (गरोदर बाईला ई प्रकार जिवावर बेतू शकतो, तिथे माळेची वाट पाहू नका.) सी मात्र पाण्यातून येत नाही, रक्तातून येतो. आणि बहुतेकदा डोळे पिवळे न करताच येतो. लागण झालेल्या १०० जणांपैकी साधारण ७० जणांच्या अंगात तो मुक्काम ठोकतो. वीस-वीस वर्षं काही कळत नाही. कळतं तेव्हा लिव्हर खराब होऊन काहींच्या पोटात पाणी झालेलं असतं.

मी काकांना तरुणपणाबद्दल विचारलं. मोठं ऑपरेशन? नाही. रक्त चढवलं? नाही. पण वर्षातून चार-पाच वेळा ताप, आणि दर तापाला सुई. गावात यायचे त्या डॉक्टरांकडे काचेची एकच पिचकारी होती, सुई गरम पाण्यातून काढायची आणि पुढच्याला टोचायची. खरं सांगू? यात आपलाही हट्ट आहे. आजही माझ्याकडे लोक म्हणतात, "गोया नका देऊ, सुई द्या." सुई लागलीच तर नवी, सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडलेली हवी. न्हाव्याकडे नवं ब्लेड मागा. जत्रेत गोंदून घेताना सुई नवी आहे का ते विचारा.

आपल्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे रुग्ण पुष्कळ आहेत. त्यातल्या अनेकांना रक्त चढवावं लागतं, म्हणून त्यांच्याशी थोडं वेगळं बोलायचं आहे. हा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला, आणि शतक बदलेपर्यंत आपल्या रक्तपेढ्यांत त्याची तपासणी सक्तीची नव्हती. त्या काळात रक्त चढवलं असेल, तर एकदा तपासून घ्या.

पहिली तपासणी पॉझिटिव्ह आली म्हणजे रोग आहेच असं नाही. ती फक्त विषाणू कधीतरी येऊन गेल्याची खूण दाखवते. तो आज अंगात आहे की नाही, हे व्हायरल लोडवरून, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते मोजणाऱ्या तपासणीवरून कळतं. काकांच्या अंगात तो होता.

पूर्वी यावर इंटरफेरॉनची इंजेक्शनं होती. सहा महिने ते वर्षभर ताप, अंगदुखी, मन खचणं, आणि एवढं करून कित्येकांना गुण नाही. मग सोफोसबुविर आलं. २०१३ मध्ये अमेरिकेत त्याची एक गोळी १,००० डॉलरला होती. २०१५ पासून आपल्याच देशातल्या कंपन्या ते स्वस्तात बनवू लागल्या. २८ जुलै २०१८ ला सरकारचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून तपासणी आणि औषध दोन्ही सरकारी उपचार केंद्रांत फुकट मिळतं. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

काकांना सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर दिलं. २८ गोळ्यांची डबी, अशा तीन डब्या, म्हणजे १२ आठवडे. लिव्हर फारच खराब असेल तर २४ आठवडेही लागतात. १०० पैकी ९५ हून जास्त लोक बरे होतात. हृदयाची किंवा टीबीची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा, काही औषधं यांच्याशी जमत नाहीत. दारू बंद. काकूंना मी समोर बसवून सांगितलं की ताटातून हा रोग जात नाही, दाढीचं ब्लेड तेवढं वेगळं ठेवा.

गोळ्या संपल्यावर आणखी १२ आठवडे थांबून व्हायरल लोड केला. विषाणू सापडला नाही. पण पहिली तपासणी यापुढेही पॉझिटिव्हच येणार, ती खूण पुसली जात नाही. म्हणून व्हायरल लोडचा रिपोर्ट काकांनी पन्नीत घालून आधार कार्डाजवळ ठेवला. पुढच्या शिबिरात तोच दाखवला, तेव्हा कुठे डोळ्याचं ऑपरेशन झालं.