एक वजन, दोन नोंदी

लातूर. सोयाबीनचा हंगाम. सौदा झाला की माल काट्यावर जातो आणि शेतकऱ्याच्या हातात हिशेबाची पट्टी पडते. या आडतींसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या एका छोट्या टीमपुढे आज वेगळाच प्रश्न आहे.

"ताई, पट्टी एकच निघाली, पण ऑडिट लॉगमध्ये वजन दोनदा दिसायलंय."

"डेटाबेसमध्ये?"

"तिथं एकच."

म्हणजे हिशेब बरोबर आहे, घडलेल्या प्रत्येक कामाची नोंद ठेवणारा लॉग चुकतोय. पण वजनावरून वाद झाला तर हाच लॉग उघडायचा असतो. त्याला दोन तोंडं असून चालणार नाही.

लॉग लिहिण्याचं काम प्रत्येक मेथडमध्ये, म्हणजे प्रोग्राममधल्या एकेका कामाच्या तुकड्यात नाही, एका ॲस्पेक्टमध्ये आहे: अनेक ठिकाणी लागणारं काम एकाच जागी लिहिलेला वेगळा भाग. झेरॉक्स पार्कमधल्या ग्रेगर किझालेस आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली मांडलेली ही पद्धत. 'ऑडिट' किंवा त्याच्या जोडीचं दुसरं ॲनोटेशन (मेथडवर लावलेली खूणचिठ्ठी) असलेली मेथड चालली की नोंद करा, असा पॉइंटकट, म्हणजे नोंद कुठं करायची ते सांगणारी अट.

आधी हे स्प्रिंग एओपी या जावातल्या साधनावर होतं. तिथं प्रॉक्सी, म्हणजे बाहेरून आलेली हाक आधी स्वतःकडे घेणारा मध्यस्थ, मध्ये उभा असतो. एकगठ्ठा नोंदणीची मेथड त्याच क्लासमधल्या वजनाच्या मेथडला हाक मारायची, ती हाक प्रॉक्सीपर्यंत जायचीच नाही आणि लॉग कोरा राहायचा. म्हणून टीमनं ॲस्पेक्टजे या दुसऱ्या साधनाचं विव्हिंग घेतलं; त्यात नोंदीचा कोड थेट प्रोग्राममध्येच विणला जातो. पॉइंटकट तोच ठेवला. आणि नेमकी गोम तिथंच आहे.

स्प्रिंग एओपीला फक्त एक्झिक्युशन कळतं. ॲस्पेक्टजेला कॉलही कळतो: मेथडला हाक मारली ती जागा वेगळी, मेथड प्रत्यक्ष चालली ती जागा वेगळी. ॲनोटेशनची अट दोन्हीकडे लागू पडते, म्हणून ॲडव्हाइस, म्हणजे नोंद करणारा कोड, दोनदा चालतो.

हे डोक्यात अंदाज बांधून सापडत नाही. हे विणकाम करणाऱ्या विव्हरलाच विचारावं लागतं. 'शोविव्हइन्फो' हा पर्याय चालू केला की तो प्रत्येक जुळणी छापतो. पडद्यावर बघा: एका ओळीत 'मेथड-कॉल', दुसरीत 'मेथड-एक्झिक्युशन', ॲडव्हाइस एकच.

उपाय सोपा, पॉइंटकटला एक्झिक्युशनची अट 'आणि'नं जोडायची. तरी एक कॉलची ओळ उरलीच! कारण पॉइंटकटमध्ये दोन ॲनोटेशनं 'किंवा'नं जोडलेली आहेत, आणि 'आणि' हा 'किंवा'पेक्षा घट्ट बांधतो. नवी अट फक्त दुसऱ्यालाच चिकटली. दोन्ही ॲनोटेशनांभोवती कंस घातला, पुन्हा विव्हिंग केलं. आता यादीत फक्त एक्झिक्युशन आहे, आणि एकगठ्ठा नोंदणीतल्या प्रत्येक वजनामागे लॉगची एकच ओळ.